सांध्यापाशीच गंज का?

आमच्या एका व्याख्यानानंतर, श्रोते उठून चपला शोधू लागले असताना, एक मध्यमवयीन गृहस्थ व्यासपीठापाशी आले आणि काहीशा रागानेच म्हणाले, "साहेब, स्टेनलेसला गंज येत नाही असे तुम्ही लोक सांगता. मग हे काय?" त्यांनी खिशातून मोबाइल काढून एक छायाचित्र आमच्यासमोर धरले. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांनी घर बांधले होते आणि गच्चीला स्टेनलेसचा कठडा बसवला होता. त्याने अजून दोन पावसाळेही पुरते पाहिले नव्हते. नळ्या चकचकीत होत्या. परंतु जेथे जेथे नळी नळीला जोडली होती, तेथे तेथे विटकरी रंगाचे ओघळ उतरले होते. कारागिराने हलका माल घालून आपल्याला फसवले, असे त्यांचे म्हणणे होते.

आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला. गंज नेमका कोठे आहे, वेल्डिंगच्या भरावर की भराच्या बाजूला? प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा. तरीही त्यांनी छायाचित्र बोटांनी मोठे करून निरखले. गंज भरावर नव्हता. भराच्या दोन्ही अंगांना, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात होता. माल हलका असता तर सगळी नळीच डागाळली असती. म्हणजे धातूत जे काही बिघडले होते, ते त्या बोटभर पट्ट्यात बिघडले होते, आणि ते बिघडवणारा दुसरातिसरा कोणी नसून वेल्डिंगची आच होती. त्या बोटभर पट्ट्याविषयी येथे चार गोष्टी सांगाव्यात असा आमचा विचार आहे. हा पट्टा गच्चीच्या कठड्यात असतो, फाटकात असतो, दुधाच्या टाकीत असतो, आणि जेथे त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने माणसे मेली अशा प्रचंड पात्रांतही असतो.

प्रथम गंजाविषयी. वाळवी लाकूड खाते तसे हवा आणि पाणी लोखंडाला बाहेरून खातात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. केंब्रिज येथील यू. आर. इव्हान्स यांचा एक साधा प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. लोखंडाची पट्टी घासून स्वच्छ करावी आणि तिच्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. त्या पाण्यात दोन रसायने आधीच मिसळलेली असतात. लोखंड विरघळू लागले की एक निळे होते; अल्कता उत्पन्न झाली की दुसरे गुलाबी होते. थोडा वेळ गेला की थेंबाचा मध्य निळा दिसू लागतो आणि कड गुलाबी. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी कमी पोहोचतो. तरीही लोखंड विरघळते ते मध्यभागी! कडेला ते सुरक्षित राहते. मध्यभागी लोखंडाचे कण पाण्यात उतरताना मागे विद्युत्कण सोडून जातात, ते धातूतून कडेकडे वाहतात आणि तेथे प्राणवायू त्यांना उचलतो. एका थेंबाखाली एक लहानशी बॅटरीच चालू झालेली असते.

या प्रयोगातून घ्यावयाची गोष्ट इतकीच की, गंजाला भेद लागतो. एका जागी प्राणवायू जास्त आणि दुसऱ्या जागी कमी, हा एक भेद. दोन निरनिराळे धातू एकमेकांस चिकटलेले, हा दुसरा. एकाच धातूच्या दोन भागांची घडण निरनिराळी, हा तिसरा. भेद आला की प्रवाह आला, आणि प्रवाह आला की कोणत्या तरी एका बाजूने झिजावयाचे हे ठरलेलेच. वेल्डिंगने हे तिन्ही भेद एका जागी, एका मिनिटात निर्माण होतात.

वेल्डिंगच्या ठिणगीचे तपमान कित्येक हजार अंशांचे असते. पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते. भराच्या ओळीत धातू वितळलेला असतो, बोटभर अंतरावर तो लालबुंद असतो, आणि वीतभर अंतरावर हात ठेवता येतो. म्हणजे एवढ्याशा अंतरात १५०० अंशांपासून आपल्या खोलीच्या तपमानापर्यंत प्रत्येक पायरी कोठे ना कोठे हजर असते. घाईत थापलेली भाकरी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते, आणि या दोहोंमध्ये कोठे तरी नीट भाजलेली असते, तसाच हा प्रकार. भाकरीचा करपलेला भाग डोळ्यांना दिसतो. धातूचा बिघडलेला भाग वरून पुष्कळदा मुळीच दिसत नाही, एवढा मात्र फरक आहे.

पूर्वीच्या लोहाराचा सांधा असा नव्हता. तो दोन्ही तुकडे भट्टीत लाल-पांढरे करून ऐरणीवर घणाने ठोकून एकजीव करी. धातू वितळत नसे, आणि सगळा भागच तापलेला असल्याने असा अरुंद पट्टा उरत नसे. दिल्लीजवळ मेहरौली येथील लोहस्तंभ असाच, लोखंडाचे गोळे ठोकून जोडून, घडवलेला आहे. उंची सुमारे सात मीटर, वजन सुमारे सहा टन, वय सुमारे सोळाशे वर्षे. गंजावर बोलावयास उभे राहिले की कोणी ना कोणी या स्तंभाचा विषय काढतोच, आणि प्राचीनांना न गंजणाऱ्या लोखंडाचे रहस्य ठाऊक होते असे सुचवतो. त्या कारागिरांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. पण रहस्य वाटते तितके गूढ नाही. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादाच्या मानाने बरेच अधिक आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यास हातभार लागला. जमिनीखालच्या भागाला गंज चढलेला आढळला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. शिवाय आज आपल्याला तसे लोखंड वापरता येत नाही, कारण फॉस्फरसने पोलाद ठिसूळ होते आणि वेल्डिंग करताना त्यास तडे जातात. म्हणून आजचा पोलादवाला फॉस्फरस कसोशीने काढून टाकतो. असो.

आता नेहमीच्या फाटकाकडे वळू. साध्या पोलादाच्या फाटकात आचेने बिघडलेला पट्टा एवढा महत्त्वाचा नसतो. तेथे दोष बहुधा हाताचा असतो. आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या दुकानात पट्टीवर पट्टी ठेवून चार ठिकाणी टाके मारावयाचे आणि काम संपले असे समजावयाचे, ही रीत पडली आहे. चार टाक्यांनी फाटकाला बळकटी पुरेशी येते, यात शंका नाही. पण दोन पट्ट्यांच्या मध्ये जी चीर उघडी राहते तिच्यात पावसाचे पाणी आपोआप ओढले जाते आणि ते सुकत नाही. तेथे रंगाचा कुंचला पोहोचत नाही. वर सांगितलेला थेंबाचा प्रयोग आठवावा. चिरेच्या आत प्राणवायू कमी, तोंडाशी जास्त. म्हणून लोखंड आतून झिजते. गंज हा मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याला जागा मिळाली नाही की तो दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून फाकवतो आणि टाके उखडतो. बाहेरून रंग शाबूत असलेले फाटक एके दिवशी बिजागरीपाशी हातात येते ते असे. सांध्याभोवती अखंड भर फिरवून चीर बंद केली असती तर चार कांड्या जास्त लागल्या असत्या, इतकेच. घासाघीस करताना आपण नेमक्या त्या चार कांड्या वाचवतो.

दुसरी गोष्ट मळीची. वेल्डिंगच्या कांडीवर जो लेप असतो त्याची काचेसारखी मळी भरावर साचते. ती हातोडीने उडवून, तारेच्या ब्रशाने खरवडून काढावयाची असते, आणि आजूबाजूला उडून चिकटलेले ठिणग्यांचे मणीही छिनीने काढावयाचे असतात. मळीवरच रंग दिला तर तो रंग मळीसकट गळून पडतो, आणि उघडे पडते ते नेमके सांध्याचे तोंड. रंग देण्याआधी फाटक बघावयास जाणारे यजमान आम्ही फार थोडे पाहिले आहेत. सारे जण रंग दिल्यानंतर जातात.

जस्ताच्या नळ्या, म्हणजे ज्यांना आपण जीआय पाइप म्हणतो, त्यांची गोष्ट निराळी. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी सांध्याजवळचे जस्त धूर होऊन उडून जाते. वेल्डिंगच्या वेळी उठणारा तो दाट पांढरा धूर पुष्कळांनी पाहिला असेल. बंद जागेत तो छातीत गेला की कारागिराला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. धूर विरल्यावर मागे उरतो तो उघड्या लोखंडाचा पट्टा. त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात मारून काम उरकले जाते. पण जस्त करते ते काम रेड ऑक्साइड करीत नाही. जस्त लोखंडाच्या ऐवजी स्वतः झिजते. त्यावर ओरखडा उठला तरी आजूबाजूचे जस्त उघड्या लोखंडाला सांभाळून घेते. म्हणून अशा सांध्यावर जस्ताची भुकटी भरपूर असलेला रंगच द्यावा लागतो, आणि तोही पट्टा खरवडून स्वच्छ केल्यावर.

एका धातूने दुसऱ्यासाठी झिजावे ही युक्ती फार जुनी आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी इंग्रज आरमाराच्या जहाजांना ती लावून पाहिली. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे असत, ते समुद्राच्या पाण्यात झिजत. डेव्हींनी त्यांना जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे झिजावयाचे थांबले! मात्र तळावर शिंपले आणि शेवाळ माजले, जहाजे संथ झाली आणि आरमाराने ती योजना सोडून दिली. पाण्यात विरघळणारे तांबेच आजवर शिंपल्यांना विष होऊन दूर ठेवीत होते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शास्त्रज्ञाचे गणित बरोबर येऊनही योजना फसते, ती अशी.

आता स्टेनलेसकडे येऊ. येथे तो बोटभर पट्टा खरा रंगात येतो.

१९१२ मध्ये जर्मनीत क्रुप कारखान्यातील माउरर आणि स्ट्राउस यांच्या क्रोमियम-निकेल पोलादांचे एकस्व घेतले गेले, आणि १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रियर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. आज आपल्या स्वयंपाकघरात ज्याला चांगले स्टील म्हणतात ते पहिल्या घराण्यातले. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते गंजत नाही ते स्वभावतः उदासीन आहे म्हणून नव्हे. त्यातले क्रोमियम हवेतला प्राणवायू ताबडतोब पकडते आणि पृष्ठभागावर स्वतःचे एक आवरण धरते. हे आवरण दोनतीन नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढे असते. ओरखडा उठला की ते क्षणात पुन्हा जमते. मात्र त्यासाठी त्या जागी क्रोमियम अकरा-बारा टक्क्यांच्या खाली उतरून चालत नाही. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

या नव्या धातूच्या टाक्या तेजाबाच्या कारखान्यांना फार सोयीच्या वाटल्या आणि १९२० च्या दशकात त्या भराभर बनू लागल्या. थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागल्या. टाकीचा पत्रा नवा कोरा आणि वेल्डिंगचा भर ठणठणीत. पण भरापासून थोड्या अंतरावर, त्याला समांतर, पत्रा सडत होता. सडत होता म्हणजे गंजाचे पापुद्रे निघत होते असे नव्हे. धातूचे बारीक कण साखरेसारखे सुटून पडत होते. अशा पत्र्याचा तुकडा जमिनीवर टाकला तर तो खणखणत नसे. त्याचा आवाज बद्द येत असे. बोहारणीकडून भांडे घेताना आपल्याकडील स्त्रिया टिचकी मारून पाहतात, त्या परीक्षेत हा पत्रा खचित नापास झाला असता. इंग्रजी बोलणाऱ्या कारखानदारांनी या रोगाला 'वेल्ड डिके', म्हणजे वेल्डिंगची कूज, असे नाव दिले. कारण उमगले नव्हते तेव्हा कोणी कारागिराला दोष दिला, कोणी कांडीला.

उलगडा झाला तो १९३० च्या सुमारास. जर्मनीत स्ट्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० मध्ये, आणि अमेरिकेत बेन, अबॉर्न आणि रदरफर्ड यांनी १९३३ मध्ये जे मांडले ते थोडक्यात असे. धातू हा एकसंध दगड नसून सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. शेतांना शेते लागून असावीत आणि मध्ये बांध असावेत, तशी त्याची रचना असते. पोलादात थोडा कार्बन असतोच. जुन्या स्टेनलेसमध्ये तो शेकडा ०.०६ ते ०.०८ असावयाचा. पोलाद खूप तापलेले असते तेव्हा हा कार्बन सगळीकडे विखुरलेला असतो. पण सुमारे ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान धातू काही वेळ रेंगाळला, तर कार्बन बांधांवर येऊन जमतो आणि तेथे क्रोमियमशी संयोग पावतो. एक भाग कार्बन वजनाने सोळा भागांहून अधिक क्रोमियम अडकवून ठेवतो. आता हिशेब करा. सगळा ०.०६ टक्के कार्बन असा जमला, तरी क्रोमियम अडकेल ते फार तर एक टक्का. अठरातून एक गेला तर बिघडले कोठे?

खरी गोम येथेच आहे. कार्बनचे अणू लहान. ते दूरदूरवरून धावत बांधावर येतात. क्रोमियमचे अणू मोठे आणि संथ. ते दूरून येऊ शकत नाहीत. म्हणून कार्बन आपली सगळी वसुली बांधाला लागून असलेल्या चिंचोळ्या पट्टीतूनच करतो. गावाच्या कोठारात धान्य भरलेले असावे आणि वेशीवरच्या घरांत दाणा नसावा, तसे होते. सबंध पत्र्याची सरासरी काढली तर १८ टक्के क्रोमियम जागच्या जागी असते. पण प्रत्येक बांधाच्या कडेला ते अकरा-बाराच्याही खाली गेलेले असते. तेथे आवरण धरत नाही. तेजाबाला वाट मिळते, बांध धुऊन जातात आणि शेते, म्हणजे धातूचे कण, सुटे होऊन पडतात.

मग खुद्द भरात हे का होत नाही? कारण एका ओळीत घातलेला भर वितळतो आणि त्या धोक्याच्या तपमानांतून झपाट्याने थंड होत खाली उतरतो. त्याला अगदी लागून असलेला धातूही ८५० च्या वर जातो आणि लवकर निवतो. त्यापलीकडचा धातू मात्र फार तापतही नाही आणि लवकर निवतही नाही. तो नेमका त्या तपमानात घुटमळतो. रोगाचा पट्टा भरापासून थोडा सरकून असतो त्याचे कारण हे.

एकदा कारण कळले की उपाय सुचले, आणि ते सारे आजही वापरात आहेत. वस्तू लहान असेल तर ती १०५० अंशांच्या आसपास तापवून एकदम पाण्यात विझवतात. क्रोमियम सुटे होते आणि कार्बनला पुन्हा जमावयास अवधी मिळत नाही. तीन मजली टाकी अर्थातच अशी भट्टीत घालता येत नाही. म्हणून पोलादातच टायटॅनियम किंवा नायोबियम घालण्याची युक्ती निघाली. कार्बनला क्रोमियमपेक्षा हे धातू अधिक प्रिय आहेत, तो त्यांना धरून बसतो आणि क्रोमियम मोकळे राहते. सर्वांत सरळ उपाय म्हणजे कार्बनच कमी करणे. तो ०.०३ टक्क्यांच्या आत आणला की वसुलीला कोणी उरतच नाही. ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती, पण इतका कमी कार्बन ठेवणे फार महाग पडे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस वितळलेल्या पोलादात आर्गॉन आणि प्राणवायू एकत्र फुंकण्याची रीत कारखान्यांत आली आणि तेव्हापासून ते स्वस्त झाले. दुधाच्या वा औषधांच्या टाकीवर '३०४एल' असे लिहिलेले असते, त्यातला 'एल' हा या कमी कार्बनचा. आणि कारागिराने पाळावयाची गोष्ट म्हणजे, बेताची आच ठेवून बारीक ओळी घालाव्यात, दोन ओळींमध्ये धातू निवू द्यावा, आणि सांधा भरून काढण्याच्या हौसेने एकाच जागी ठिणगी धरून बसू नये.

तर मग गच्चीवरच्या त्या कठड्याला ही कूज लागली होती काय? आमच्या मते नाही. नळी पातळ, वेल्डिंग क्षणभराचे, आणि आजच्या मालात कार्बन कमी; तेथे कूज धरावयास वेळच मिळत नाही. त्या गृहस्थांना आम्ही दुसरा प्रश्न विचारला. कठडा नवा असताना सांध्याभोवती मोरपिसासारखे रंग दिसत होते का? "हो हो," ते म्हणाले, "पिवळा, जांभळा, निळा. फार छान दिसत होते." ते छान रंग हेच मूळ होते. तापलेल्या स्टेनलेसवर हवेने एक जाड, सच्छिद्र साय धरते. तिच्या जाडीप्रमाणे रंग दिसतात. ही साय आपले क्रोमियम खालच्या धातूतूनच ओढून घेते, म्हणजे सायीखाली पुन्हा एक क्रोमियमने दुबळा झालेला थर राहतो. समुद्राची खारी हवा तेवढीच संधी साधते. त्यात पुष्कळदा आणखी एक चूक घडते. ज्या ग्राइंडरच्या चाकाने आणि तारेच्या ब्रशाने सकाळी साधे लोखंड घासले, त्यानेच दुपारी स्टेनलेस घासले जाते. लोखंडाचे कण स्टेनलेसच्या पृष्ठभागात रुतून बसतात आणि पहिल्या पावसात गंजतात. लोक म्हणतात स्टेनलेस गंजले. गंजलेले असते ते पाहुणे लोखंड.

उपाय म्हणजे ती साय आणि तिच्याखालचा थर तेजाबी लेप लावून काढून टाकणे आणि भरपूर पाण्याने धुणे. हे काम घरी करावयाचे नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. त्या लेपात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ले असतात. हायड्रोफ्लोरिकचा दाह आरंभी जाणवत नाही आणि नंतर हाडापर्यंत जातो.

जाता जाता चुंबकाविषयी. पुष्कळ सावध गिऱ्हाइके खिशात चुंबक बाळगतात आणि तो सांध्यापाशी किंचित ओढला गेला की भांडू लागतात. चांगल्या स्टेनलेसच्या भरात तडे जाऊ नयेत म्हणून थोडा चुंबकीय अंश मुद्दामच राखलेला असतो. सांध्यापाशी चुंबक थोडासा ओढला जाणे हे फसवणुकीचे लक्षण नव्हे.

आतापर्यंत आम्ही झिजण्याच्या गोष्टी सांगितल्या. तीत पैसा जातो; सहसा प्राण जात नाहीत. परंतु त्या बोटभर पट्ट्याचा एक निराळा आणि घातक प्रकार आहे. त्यात धातू झिजलेला दिसत नाही, तो तडकतो.

अमेरिकेत शिकागोजवळ रोमिओव्हिल येथे तेल शुद्ध करण्याचा एक मोठा कारखाना होता. त्यात १९७० पासून एक उंच पोलादी पात्र काम करीत होते. उंची सुमारे १९ मीटर, पत्र्याची जाडी २५ मिलिमीटर. इंधनवायूंतला हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढणे हे त्याचे काम. १९७४ मध्ये पात्राचा खालच्या बाजूचा एक कडेभाग खराब झाला म्हणून तो कापून काढून जागच्या जागी नवा कडेभाग वेल्डिंगने बसवण्यात आला. सांधा भक्कम दिसत होता. त्यानंतर दहा वर्षे पात्र चालले. २३ जुलै १९८४ रोजी एका कामगाराला पात्राच्या अंगावर आडवी, वीतभर लांबीची चीर दिसली आणि तिच्यातून वायू बाहेर येत होता. त्याने झडप बंद करण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात चीर वाढली. कारखान्याचे अग्निशामक पथक धावून आले, आणि ते पोहोचत असतानाच पात्र त्या सांध्यालगत फुटून दोन तुकडे झाले. वरचा प्रचंड भाग सुमारे एक किलोमीटर दूर जाऊन पडला. सतरा माणसे दगावली. त्यांत विझवावयास गेलेले पुष्कळ होते.

नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तुटलेला पत्रा तपासला. तडा भरात नव्हता. तो दुरुस्तीच्या भराला लागून, आचेने बदललेल्या पट्ट्यात सुरू झाला होता. जाड पत्र्यावर वेल्डिंग केले की भोवतालचा थंड पत्रा त्या पट्ट्यातील उष्णता झटकन शोषून घेतो. तापवलेली कुऱ्हाड पाण्यात बुडवल्यासारखा तो पट्टा कठीण आणि ठिसूळ होतो. शिवाय निवताना भर आकसतो आणि दोन्ही बाजूंच्या धातूला ओढून धरतो. बाहेरून काही भार नसतानाही सांध्यात हा ताण कायमचा वस्तीला असतो. त्यात हायड्रोजन सल्फाइडने पोलाद गंजताना सुटणारे हायड्रोजनचे अणू पत्र्यात शिरतात. मऊ पोलाद ते सोसते. कठीण आणि ताणलेले पोलाद त्यांच्यामुळे तडकते. तडा आतल्या बाजूने, कोणाला न दिसता, दहा वर्षे वाढत होता. ज्या दिवशी तो बाहेर दिसला त्या दिवशी जाडीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आधीच गेलेला होता.

यावर उपाय नव्हता असे नाही. वेल्डिंगच्या आधी पत्रा शेकून घेतला, आणि नंतर सांधा सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून तास-दोन तास ठेवून हळूहळू निवू दिला, तर कठीणपणा उतरतो आणि ताण बराचसा सैलावतो. मूळ पात्र कारखान्यात घडवताना असे करणे सोपे असते. उभ्या पात्राची दुरुस्ती जागेवर करताना ते जिकिरीचे आणि खर्चाचे असते. म्हणून नव्या वस्तूच्या सांध्यापेक्षा दुरुस्तीचा सांधा अधिक संशयाने पाहावा, असे या धंद्यातील अनुभवी माणसे म्हणतात, आणि आम्हांला ते सर्वस्वी पटते.

एवढ्या मोठ्या पात्राशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमच्या घराजवळच्या बागेत मुलांचा एक झोपाळा होता. त्याचा खांब जमिनीलगत गंजला म्हणून त्यावर वेल्डिंगने पट्टी चढवली गेली. पुढच्या वर्षी त्या पट्टीच्या वर आणखी एक. पोकळ नळीत वरून पावसाचे पाणी शिरत होते आणि आतून नळी कागदासारखी झाली होती, हे कोणी पाहिले नाही. बाहेरून मात्र दर वर्षी हिरवा रंग लागत असे. झोका दिवसातून हजार वेळा खांबाला इकडून तिकडे वाकवतो, आणि प्रत्येक वाकण्याचा जोर येतो तो जाड पट्टी संपून पातळ नळी सुरू होते त्या रेघेवर. एका संध्याकाळी खांब त्याच रेघेवर तुटला. एका मुलीचा हात मोडला. नशीब म्हणावयाचे की तेवढ्यावर निभावले. तुटलेला तुकडा आम्ही पाहिला. दोन्ही पट्ट्या आणि त्यांचे सगळे भर शाबूत होते. ज्यांनी दुरुस्ती केली त्यांनी भर चांगला घातला होता. त्यांनी फक्त नळीवर हातोडी वाजवून पाहिली नव्हती, आणि नळीच्या तोंडाला टोपण व तळाला पाणी जाण्यापुरते भोक ठेवले नव्हते.

कठड्याच्या गृहस्थांचा पुढे आम्हांला दूरध्वनी आला. त्यांनी माहितगार कारागिराकडून सगळे सांधे तेजाबी लेपाने साफ करून घेतले होते, आणि दर महिन्याला कठडा गोड्या पाण्याने धुण्याचे काम नातवाकडे दिले होते. मधला पावसाळा बरा गेला. फक्त दोन सांध्यांवर पुन्हा डाग दिसू लागले आहेत, असे ते म्हणाले. चौकशी करता कळले की ते दोन्ही सांधे भिंतीच्या अगदी अंगाला आहेत आणि मागच्या बाजूने तेथे ब्रश पोहोचत नाही.